आलात कधी?

जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेलेल्या माणसाला महाराष्ट्र सरकार एका तारखेचा पुरावा मागतं. अनुसूचित जातीसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात कुठे राहत होतं, ते दाखवा. ज्यांच्या चार पिढ्या एकाच गावात गेल्या, ते पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नोंद शोधून काढतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात, सुंदरनगर किंवा विवेकानंदपूरसारख्या गावांत मात्र शोधण्यासारखं काही नाही. तिथली घरं १९६४ नंतर वसली. तीही स्वतःहून नाही. भारत सरकारने माणसं आणून वसवली.

दुसरी तारीख जंगलाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर हक्क दिला. इतर पारंपरिक वननिवासींना त्यावर आणखी एक अट घातली: त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचा रहिवास. कायद्यात एक पिढी म्हणजे २५ वर्षं, म्हणजे एकूण ७५. तोच तुकडा ७५ वर्षं कसलेला असावा असं नाही, पण कुटुंब १९३० पासून त्या भागात राहत असलं पाहिजे. तिसरी तारीख नागरिकत्वाची: २०१९ च्या दुरुस्तीनुसार ३१ डिसेंबर २०१४.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्या माणसाच्या हातात सातबारा येईल का, त्याच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळेल का, त्याला पोलीस चौकीत बसावं लागेल का, हे या तारखांवर ठरतं. मुंबईत परप्रांतीयांचा वाद दुकानांच्या पाट्यांवरून, रेल्वेच्या भरतीवरून, टॅक्सीच्या परवान्यावरून पेटतो आणि त्याच्या बातम्या होतात. इथला वाद त्याहून जुना आणि खोल आहे, कारण तो जमिनीचा आहे. त्याच्या पोटात आणखी एक वाद आहे, जो मुंबईत कुणी घालत नाही: माणसाला ‘आपला’ किंवा ‘बाहेरचा’ ठरवण्याचा अधिकार सरकारला किती असावा, आणि गावाला किती?

*

१९६३ च्या डिसेंबरात श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र केस नाहीसा झाला. त्याचे पडसाद हजारभर मैलांवर पूर्व पाकिस्तानात उमटले आणि १९६४ च्या जानेवारीत खुलन्यापासून दंगली पेटल्या. लाखो हिंदू सीमा ओलांडून आले. त्यांत मोठा भरणा नमःशूद्र शेतकऱ्यांचा होता. फाळणीनंतर जमीनदार, वकील, मास्तर आधीच कोलकात्यात पोहोचले होते. मागे राहिले होते ते चिखलात भात लावणारे आणि नदीत जाळं टाकणारे. पश्चिम बंगालने आता जागा नाही म्हणून हात वर केले. रायपूरजवळच्या माना छावणीत या लोकांना ठेवलं गेलं आणि तिथून वाटणी सुरू झाली.

दंडकारण्य प्रकल्प १९५८ मध्येच स्थापन झाला होता. तो ओडिशाचे कोरापुट-कालाहांडी आणि मध्य प्रदेशातलं बस्तर यांच्यासाठी होता. त्याला लागूनच, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या वाट्याची कुटुंबं आली. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. जंगल तोडून आखलेल्या वस्त्यांना सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम, देशबंधूग्राम, खुदीरामपल्ली अशी नावं मिळाली. गोंडी नावांच्या नद्या आणि डोंगरांमधून जाताना अचानक चित्तरंजन दास आणि खुदीराम बोस भेटतात. चंद्रपूर शहरातल्या एका मोठ्या वस्तीला आजही बंगाली कॅम्प म्हणतात. कॅम्प म्हणजे तात्पुरता मुक्काम. पण तिथे आता नातवंडांची लग्नं होतात.

ज्या सुमारास दंडकारण्य प्रकल्पाचा ठराव झाला, त्याच सुमारास पंतप्रधान नेहरूंनी वेरियर एल्विन यांच्या ईशान्येकडील आदिवासींवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रस्तावना लिहिली. त्यात आदिवासी भागाशी कसं वागावं याची पाच सूत्रं होती. त्यांपैकी एक, जमीन आणि जंगलावरच्या आदिवासींच्या हक्कांचा मान राखावा. दुसरं, त्या भागावर जरुरीपेक्षा जास्त प्रशासन लादू नये. सरकारच्या मर्यादेबद्दल स्वतंत्र भारतात इतकं समंजस क्वचितच कुणी लिहिलं असेल. त्याच वर्षी त्याच सरकारने कोरापुट आणि बस्तरमधल्या गोंड, कोया, परजा यांच्या जंगलांत परमुलखातली हजारो कुटुंबं नेऊन वसवण्याची योजना मंजूर केली. या दोन कागदांमधलं अंतर म्हणजे आपल्या लोकशाहीतली एक जुनी सवय आहे. जंगल सरकारच्या मालकीचं असतं, म्हणून ते कुणालाही देता येतं. तिथे राहणाऱ्यांना विचारायचं कारण नसतं.

आणि ज्यांना दिलं त्यांनाही कुणी विचारलं नाही. खुलना, फरीदपूर, बरिसालच्या माणसाला पाण्याची सवय. त्याची शेती नदीच्या पुरावर, प्रवास होडीवर, जेवण माशावर. त्याला मुरमाड जमिनीच्या, बांबू-सागाच्या, हिवतापाच्या मुलखात आणून सोडलं. १९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो कुटुंबं सगळं सोडून सुंदरबनकडे निघाली आणि मरीचझापी बेटावर उतरली. १९७९ च्या जानेवारीत तिथे नाकेबंदी आणि गोळीबार झाला, मे महिन्यात बेट रिकामं केलं गेलं. त्या वेळी पश्चिम बंगालमध्ये डाव्यांचं सरकार होतं, आणि सत्तेत येण्यापूर्वी याच निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी डाव्यांनी मोर्चे काढले होते. सीमेपलीकडून हाकलले गेलेले लोक आपल्याच देशातल्या एका राज्यात पुन्हा ‘बाहेरचे’ ठरले.

मुलचेरा-चामोर्शीकडचे बहुतेक लोक इथेच टिकले. त्यांनी बोड्या खणल्या, मासे वाढवले, भाताच्या बांधावर भाजीपाला घेतला. आज या भागातल्या आठवडी बाजारात भाजी आणि मासळी घेऊन बसणाऱ्यांमध्ये बंगाली बायाबापे सहज दिसतात, आणि त्यांच्याशी भाव करताना मराठी, गोंडी, बंगाली अशा तिन्ही भाषा एका वाक्यात येतात. दुर्गापूजेच्या मंडपात गोंड शेजारी असतात. याला मी एकात्मता वगैरे मोठं नाव देणार नाही. साठ वर्षांचा शेजार आहे, आणि शेजारात असतं तसं त्यात प्रेमही आहे आणि बांधाचं भांडणही.

*

राज्यघटनेत नागरिकत्व आणि परकीय हा विषय केंद्राचा आहे. देशात कोण येणार, कुणाला बाहेर काढायचं, हेही केंद्राचंच. जमीन राज्याची. फाळणीने विस्थापित झालेल्यांचं पुनर्वसन दोघांचं मिळून, समवर्ती सूचीत. म्हणजे या लोकांना इथे आणायचं हे दिल्लीने ठरवलं, जमीन मुंबईने दिली, आणि ज्या गावांच्या शिवारात ती जमीन होती त्यांचं नाव कुठल्याच सूचीत नव्हतं. पंचायतींना घटनेत जागा मिळायला १९९३ उजाडलं, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना बोलण्याचा अधिकार मिळायला १९९६ चा पेसा कायदा.

पण आणून बसवल्यावर सरकारने कागद पूर्ण केले नाहीत, हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात जास्त टोचणारा भाग आहे. सरकारी वाटपाची जमीन नियमाप्रमाणे भोगवटादार वर्ग-२ ची. परवानगीशिवाय विकता येत नाही, कर्जाला अडचण, वाटणीला अडचण. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये, आसाममध्ये, ओडिशात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. यादीत घेतली तरी १९५० ची तारीख समोर येणार. १९६४ साली केंद्र सरकारच्या गाडीतून आलेल्या माणसाकडे १९५० चा महाराष्ट्रातला पुरावा कुठून येईल? वनहक्क कायद्याचं तर गणितच असं आहे की थांबूनही उपयोग नाही. १९६४ मध्ये आलेल्यांना २०३९ मध्ये ७५ वर्षं होतील, पण कायदा मोजतो ते २००५ पर्यंतच. त्यांची मुलं, नातवंडं, पणतवंडं इथे जन्मतील, इथल्या ग्रामसभेत बसून हात वर करतील, शेजाऱ्याच्या वनदाव्यावर मत देतील, आणि स्वतःच्या दाव्यासाठी कायमची अपात्र राहतील.

नागरिकत्वाची गोष्ट खरं तर सोपी आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. आईबाप कुठून आले हे कायदा विचारत नाही. म्हणजे मुलचेऱ्यात १९७० साली जन्मलेल्या बाईला कुठल्याही दुरुस्ती कायद्याची गरज नाही. तरीही २०१९ च्या कायद्यानंतर, ११ मार्च २०२४ ला त्याचे नियम आल्यानंतर आणि २०२५ मध्ये मुंबई-ठाण्यात बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी समजून धरण्याच्या मोहिमेनंतर, बंगालीत फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या खिशात कागद असणं ही शहाणपणाची गोष्ट झाली आहे. त्या मोहिमेत पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि त्यांच्या राज्य सरकारने धावाधाव केल्यावर परत आणलं गेलं. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा एकत्रित कायदाही लागू झाला. ज्याच्या आजोबाला सरकारने स्वतः वसवलं, त्याच्या नातवाने त्याच सरकारच्या शिपायाला आपण कोण ते सिद्ध करून दाखवावं, हा न्याय मला मान्य नाही.

*

आता दुसरी बाजू. ती तितकीच खरी आहे, आणि बंगाल्यांबद्दल कळवळा दाखवणारे बहुतेक लोक तिच्याकडे पाहत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती; त्यात अनुसूचित जमाती ३८ टक्क्यांच्या वर. म्हणजे आदिवासींचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा अर्ध्याहून कमी आदिवासी आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागडकडे चित्र वेगळं आहे. पण वैनगंगेच्या काठाने, चामोर्शी-आरमोरीकडे, आदिवासी बऱ्याच गावांत अल्पसंख्य आहे. हे आपोआप झालं नाही. माल खरेदी करायला आलेला व्यापारी, नोकरीवर आलेला कारकून, दारूचा ठेकेदार, सावकार आणि पुनर्वसित शेतकरी यांच्या लाटा एकामागून एक आल्या. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्राने १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घातलं आणि गेलेली जमीन परत देण्याचा कायदाही केला. कायदा करावा लागला, यावरूनच जमीन किती गेली होती ते कळतं.

घटना लिहिणाऱ्यांना हे दिसलं होतं. कलम १९ भारतीयाला देशात कुठेही जाण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क देतं. पण त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमात अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील असंही म्हटलं आहे. पाचव्या अनुसूचीत राज्यपालाला तर फार मोठे अधिकार आहेत. ९ जून २०१४ ला महाराष्ट्राच्या राज्यपालांनी ते वापरले: तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका अशा पदांवर अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासीच नेमावेत. कल्पना योग्य होती. माडिया बाईला तिच्या भाषेत बोलणारी परिचारिका मिळणं ही चैनीची नव्हे, जिवाची गरज आहे. पण गडचिरोलीत त्यावर ओबीसी आणि इतर समाजांचा मोठा रोष उसळला, मोर्चे निघाले, बिगर-आदिवासी बहुसंख्य गावं पेसातून वगळा अशी मागणी झाली. त्यातला राग नुसता द्वेषाचा नव्हता. आधीच जिल्ह्यातलं ओबीसींचं आरक्षण आदिवासींच्या प्रमाणामुळे ६ टक्क्यांवर आणलं गेलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथेच असलेल्या कुणबी, तेली, माळी मुलाला जिल्ह्यात नोकरीचं दार बंद दिसत होतं. नंतर सर्वोच्च न्यायालयाने आंध्र (२०२०) आणि झारखंडच्या (२०२२) प्रकरणांत अनुसूचित भागातलं शंभर टक्के स्थानिक आरक्षण घटनाबाह्य ठरवलं.

हे सगळं समोर ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात येते. इथे प्रत्येक समाज आपल्यासाठी जास्त सरकार मागतो आणि दुसऱ्यासाठी कमी. आदिवासीला बाहेरच्याला रोखणारं कडक सरकार हवं आणि त्याच वेळी जंगलात वनरक्षकाची दादागिरी नको. ओबीसीला आरक्षण वाढवणारं सरकार हवं, पेसा लावणारं नको. बंगाल्याला दाखला देणारं सरकार हवं, कागद तपासणारं नको. यात कुणीही ढोंगी नाही. सरकारने ज्याला जिथे दुखवलं, तिथे तो सरकारला थांब म्हणतो.

अमेरिकेतही असंच दिसलं. २०१० मध्ये ॲरिझोना राज्याने कायदा केला की पोलिसांनी संशय आल्यास माणसाकडे वास्तव्याचे कागद मागावेत. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन कलमं रद्द केली, कारण स्थलांतर हा संघराज्याचा विषय. कागद मागण्याचं कलम मात्र तूर्त राहू दिलं. त्याआधी, बेकायदा स्थलांतरितांना कामावर ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई करणाऱ्या त्याच राज्याच्या दुसऱ्या कायद्याविरुद्ध व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली होती; २०११ मध्ये ती हरली. सरकार लहान हवं म्हणणाऱ्यांमध्ये तिथे उभी फूट पडली. काहींना मालकाच्या हिशेबवहीत सरकारचा हात नको होता, पण परक्याच्या खिशात चालत होता. सरकारच्या मर्यादेबद्दलची निष्ठा खरी की खोटी ते, मर्यादेचा फायदा आपल्याला न आवडणाऱ्या माणसाला होतो तेव्हाच कळतं.

*

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगडच्या डोंगरावर जिवती तालुका आहे. निजामाच्या राज्यात हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तिथून चांदा जिल्ह्यात आला. डोंगराच्या पलीकडची गावं आंध्रात राहिली. रेषा मात्र जंगलातून गेली, आणि परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा, लेंडीगुडा अशी १४ गावं दोन्ही राज्यांनी आपली मानली. आधी आंध्र प्रदेश आणि २०१४ नंतर तेलंगण, पलीकडच्या केरामेरी मंडळाखाली. दोन शाळा, एक मराठी आणि एक तेलुगू. दोन रेशनकार्डं. दोन मतदार ओळखपत्रं. दोन सरपंच. २०२२ च्या डिसेंबरात, कर्नाटक सीमेवरून वाद तापलेला असताना, महाराजगुड्यातल्या एका घराची बातमी देशभर फिरली. त्याच्या काही खोल्या एका राज्यात, काही दुसऱ्यात. वर्तमानपत्रांनी ती गंमत म्हणून छापली.

मला त्यात गंमत दिसत नाही. या गावांतले बरेच लोक साठ-सत्तरच्या दशकात मराठवाड्यातून आले. बंजारा आहेत, मातंग-बौद्ध आहेत. १९७२ च्या दुष्काळाने त्यांना आणखी ढकललं. भारतीय नागरिक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेले, इतकंच. पण आले ते कोलाम आणि गोंडांच्या डोंगरावर, आणि कसली ती जमीन सरकारच्या दप्तरात वन म्हणून लागली. जिवती तालुक्यात अशी साडेआठ हजार हेक्टरांहून जास्त जमीन वादात अडकली. पट्टे नाहीत, म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही. ७५ वर्षांची अट इथेही आडवी. दोन-दोन राज्यांची सरकारं असून हातात जमिनीचा एक कागद नाही.

आणि बंजाऱ्यांची अडचण तर याहून विचित्र. पलीकडे त्यांना लंबाडा म्हणतात, आणि तिथे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाच्या तेलंगण भागात, ते १९७६ पासून अनुसूचित जमात आहेत. महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत. एकाच तांड्यातला, एकाच आईचा मुलगा केरामेरीच्या कागदावर आदिवासी आहे आणि जिवतीच्या कागदावर नाही. एका राज्यातला आदिवासी दुसऱ्या राज्यात गेला की तिथे आदिवासी उरत नाही, हे मर्री चंद्रशेखर राव खटल्यात घटनापीठाने १९९० मध्येच सांगितलं आहे. तो खटला मुंबईतल्या वैद्यकीय प्रवेशावरूनच उभा राहिला होता. इथे तर मुलगा कुठे गेलाच नाही. राज्यंच त्याच्या दारात आली.

गोंडांचं म्हणणंही ऐकायला हवं. मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ १९४० मध्ये गोंडांचा बंडखोर नेता कुमरम भीम मारला गेल्यानंतर निजामाच्या सांगण्यावरून आदिलाबादेत आला, मारलावाईत राहिला, गोंडांना पट्टे मिळावेत म्हणून झगडला. सत्तरच्या दशकात तो परतला तेव्हा त्याने जमिनी हातातून गेलेले गोंड पाहिले आणि महाराष्ट्रातून आलेल्या, जमातीचा दर्जा मिळाल्याने बळ आलेल्या लंबाड्यांविषयी चिंतेने लिहिलं. २०१७ च्या डिसेंबरात उटनूरकडे गोंड आणि लंबाडा यांच्यात दंगली झाल्या. २०२५ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठी निजामकालीन हैदराबाद गॅझेट मान्य झाल्यावर महाराष्ट्रातल्या बंजाऱ्यांनी त्याच गॅझेटच्या आधारे जमातीचा दर्जा मागितला, आणि आदिवासी संघटना विरोधात उभ्या राहिल्या. तारखेचा, जुन्या दप्तराचा आधार घेऊन प्रत्येकजण आपण आधीचे हे सांगतो आहे.

*

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला मेंढा हे पाचशेच्या आत-बाहेर वस्तीचं गोंड गाव आहे. लेखा या शेजारगावामुळे सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे हे गाव जगभर माहीत झालं, आणि त्याची घोषणा महाराष्ट्रात बहुतेकांनी ऐकलेली आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. ग्रामसभा इथे बहुमताने ठरवत नाही; सगळे हो म्हणेपर्यंत बोलत राहते. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातं देईना. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू हे झाड नसून गवत आहे, हे मान्य करायला वनकायद्याला मात्र २०१७ लागलं.

२०१३ मध्ये मेंढ्याने ग्रामदान केलं, १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली. गावातल्यांनी आपल्या जमिनीची मालकी ग्रामसभेकडे दिली, कसण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला, विसावा हिस्सा समाईक केला. जमीन आता गावाबाहेरच्याला विकता येत नाही. बाहेरच्यांना रोखणारा इतका पक्का बंदोबस्त राज्यात क्वचितच कुठे असेल. पण तो तलाठ्याने किंवा मंत्रालयाने केलेला नाही. गावाने आपल्याच हाताने आपल्याच मालकीवर घातलेली मर्यादा आहे ती. मेंढ्यात अभ्यासाला येणाऱ्याने ग्रामसभेला विचारून यावं लागतं आणि मग त्याला कुणी परका म्हणत नाही. विचारण्यावर तिथला सगळा भर आहे.

मेंढा आणि जिवतीच्या १४ गावांत मला या वादाचं उत्तर दिसतं. जिवतीत सरकारं दोन आणि कागद एकही नाही. मेंढ्यात सरकार जवळजवळ नाही आणि जंगलाच्या प्रत्येक झाडाचा हिशेब गावाच्या दप्तरात आहे. सुरजागडच्या डोंगरावर तर उलटं टोक. २००७ मध्ये ३४८ हेक्टरवर लोहखनिजाचा पट्टा दिला गेला, आणि ठाकूरदेवाच्या डोंगरात कामगार, ट्रक, छावण्या येणार का, हे ग्रामसभांना खऱ्या अर्थाने कुणी विचारलं नाही. तिथेही बाहेरची माणसं आली. पण त्यांच्याबद्दल कुणी आलात कधी असं विचारत नाही, कारण ती खाणीबरोबर आली.

माझं म्हणणं असं की येणं आणि राहणं या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात पुनर्वसन, खाण, वसाहत, कारखाना आणायचा असेल तर तो निर्णय ग्रामसभेचा असावा, आणि तिला नाही म्हणता यावं. तिथे सरकारने थांबावं. पण जो येऊन राहिला, ज्याची दोन-तीन पिढ्यांची चूल इथे पेटली, त्याचा हक्क गावाच्या मर्जीवरही नसावा आणि दिल्लीच्या तारखेवरही नसावा. ग्रामसभा मोठी असली म्हणून ती नेहमी न्यायी असतेच असं नाही. झारखंडात खुंटीकडे २०१७-१८ मध्ये गावांच्या सीमेवर बाहेरच्यांना मज्जाव करणारे दगड उभे राहिले. त्या आंदोलनाचं दुःख खरं होतं, पण गावाच्या दगडाने शेजाऱ्याचा जन्महक्क पुसता येऊ नये. तो हक्क राज्याने लिहून द्यावा आणि मग पुन्हा तपासू नये.

यासाठी फार मोठी क्रांती लागत नाही. वनहक्क कायद्यातली ७५ वर्षांची अट सरकारने स्वतः आणून वसवलेल्यांना लागू नाही, एवढी एक ओळ संसदेने घातली तरी मुलचेऱ्यात पुष्कळ काही सुटेल. पुनर्वसनाच्या जमिनी वर्ग-१ करताना, आदिवासींच्या ताब्यातल्या जमिनींचे प्रलंबित दावे आधी निकाली काढले, तर एकाला देताना दुसऱ्याचं गेलं असं होणार नाही. जातीच्या दाखल्याची १९५० ची तारीख निर्वासितांसाठी त्यांच्या छावणीतल्या नोंदीच्या तारखेला जोडता येईल. मानाची आणि पुनर्वसन विभागाची दप्तरं सरकारचीच आहेत, ती सरकारनेच उघडावीत.

जिवतीत याची परीक्षा लवकरच होईल. २०२५ च्या जुलैमध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ती १४ गावं महाराष्ट्रात पूर्णपणे सामावून घेण्याची घोषणा केली. मतदार यादी एकच राहील, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. तेलुगू शाळेत चौथीत असलेली मुलं मराठी शाळेत येतील, त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षं दोन्ही भाषांचे शिक्षक ठेवावे लागतील. आणि ज्या बंजारा मुलाकडे तेलंगणाचा जमातीचा दाखला आहे, त्याचा दाखला रद्द करण्याआधी त्याच्या गावच्या सभेत, त्याच्या आणि शेजारच्या कोलाम गुड्यातल्या लोकांसमोर बसून, त्याची शिकत असलेली वर्षं तरी पुरी होऊ द्यायची की नाही, हे ठरवायला हवं. तहसीलदारांनी पहिली बैठक लावायची असेल तर ती महाराजगुड्यातच लावावी.